तीन वर्षांच्या मुलाला गिरवायला लावायचं का, आणि खरी माँटेसरी शाळा कशी ओळखायची?

एका आईचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मुलगा सव्वातीन वर्षांचा. पाटीवर 'माँटेसरी' लिहिलेल्या जवळच्या शाळेत जूनपासून जातो. तिथून रोज चाररेघी वहीत एबीसीडी गिरवायचा गृहपाठ येतो आणि तो पेन्सिल फेकून रडतो. दुसरी एक शाळा थोडी लांब आहे. तिथे पाच वर्षांपर्यंत वहीच देत नाहीत, म्हणून मुलगा मागे पडेल अशी यजमानांना भीती वाटते. घरी तो स्वतःच्या हाताने काहीच करत नाही. सासूबाई भरवतात, बूट घालून देतात. ऑनलाइन मिळणारा लाकडी साहित्याचा महागडा संच घ्यावा का, असंही त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आणि आता बालवाडीच्या ताईंना शिकवते. तुम्ही विचारलेल्या या चार गोष्टींचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी पेन्सिलीचं. तुमचा मुलगा आळशी नाही आणि हट्टीही नाही. सव्वातीन वर्षांच्या मुलाची बोटं, मनगट आणि खांदा बारीक रेघ धरून चालण्याइतके तयार नसतात. तो पेन्सिल मुठीत धरतो, सगळा हात खांद्यापासून हलवतो आणि दोन ओळींत दमतो. त्याला जे सांगता येत नाही, ते तो पेन्सिल फेकून सांगतोय. गृहपाठ आजपासून बंद करा आणि शाळेला तसं नम्रपणे कळवा. त्याने काहीही बिघडणार नाही.

मग लिहायची तयारी होते कशी? आमच्याकडे, माँटेसरी वर्गात, दट्ट्याच्या पेट्या असतात. लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात दहा भोकं आणि प्रत्येक भोकात नेमका बसेल असा दट्ट्या. दट्ट्याच्या डोक्यावर एक बारीक मूठ असते, आणि ती अंगठा, तर्जनी व मधलं बोट यांच्या चिमटीतच धरावी लागते. पेन्सिलही याच तीन बोटांत धरायची असते. साडेतीन वर्षांचं मूल दहा दट्टे काढतं, पुन्हा बसवतं, पुन्हा काढतं. ते लिहायला शिकतंय हे त्याला ठाऊक नसतं, आपल्याला असतं.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. मुलाने दहाही दट्टे काढून सतरंजीवर मिसळलेत. बारीक दट्टा मोठ्या भोकात सहज जातो, म्हणून तो तिथे टाकून मोकळा होतो. असं करत करत शेवटी हातात एक जाडजूड दट्टा उरतो आणि समोर एक बारीक भोक. तो दट्टा तळव्याने दाबतो, फिरवून पाहतो, मग मान वर करून ताईकडे बघतो. ताईला सगळं दिसत असतं, पण ती नजर देत नाही, वहीत काहीतरी लिहीत राहते. मूल पुन्हा ठोकळ्याकडे वळतं. एका भोकात हलणारा दट्टा त्याला दिसतो, तो काढतं, हातातला तिथे घालून बघतं. कधी एका बैठकीत जमतं, कधी आठवडा लागतो. चूक कुठे झाली हे ठोकळाच दाखवतो, मोठ्या माणसाने सांगायची गरज राहत नाही. 'अरे, तो नाही, हा घे' असं ताईने म्हटलं असतं, तर दट्टा बसला असता, पण चूक शोधायचं काम मुलाच्या हातून गेलं असतं. उद्या अडलं की तो पुन्हा ताईचंच तोंड पाहणार.

ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, त्या इटलीच्या मारिया माँटेसरींनी रोममध्ये नेमकं हेच पाहिलं होतं. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या एका चाळीवजा इमारतीत त्यांनी बालगृह सुरू केलं. आई-बाप कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुलं जिन्यात, भिंतींवर उच्छाद मांडत, म्हणून इमारतीच्या मालकांनाच ही सोय हवी होती. माँटेसरी डॉक्टर होत्या. शाळेची पद्धत आधी ठरवून त्या तिथे गेल्या नाहीत. मुलं काय करतात ते बघत गेल्या. साधारण तीन वर्षांची एक मुलगी दट्टे काढत-घालत बसली होती. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचं लक्ष हललं नाही. त्यांनी मोजलं, तिने ते काम ४२ वेळा केलं आणि मग थांबून समाधानाने इकडेतिकडे पाहिलं. लहान मुलाचं लक्ष दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही असं सगळे म्हणतात. हाताला जुळणारं काम मिळालं आणि मध्येच कुणी उठवलं नाही, तर ते टिकतं. मी ते कितीदा तरी पाहिलंय आणि आजही पाहताना हरखून जाते.

त्याच शाळेतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माँटेसरींनी एकदा मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. आवाज न करता, रुमाल नीट धरून, हळूहळू. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. एरवी शेंबूड आला की मुलाला रागावतात, हसतात, कुणीतरी येऊन खसकन नाक पुसून जातं. कसं करायचं ते मान देऊन कुणी दाखवलेलंच नव्हतं.

आता अक्षरांचं. चांगल्या माँटेसरी वर्गात अक्षरं पाच वर्षांपर्यंत टाळत नाहीत. तिथे त्यांचा रस्ता वेगळा असतो. खरखरीत पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या अक्षरांवरून मूल दोन बोटं फिरवतं आणि आवाज म्हणतं. बोटाला वळण कळतं, कानाला ध्वनी. देवनागरीत आपलं नशीब थोर, कारण 'म' या अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच. इंग्रजीत 'डब्ल्यू' हे नाव पाठ करून 'व' हा आवाज सापडतच नाही, तिथे मुलं अडखळतात. म्हणून सुरुवात मराठी आवाजांनी करा, शाळेचं माध्यम कोणतंही असो. ग, म, भ, न हा जुना क्रम वळणांच्या सारखेपणावर बेतलेला आहे; पुढे र, स, ख आणि व, ब, क असे गट येतात. दहाबारा अक्षरं झाली की कापलेली सुटी अक्षरं मांडून मूल 'गवत', 'मगर', 'नख' असे शब्द जुळवतं. काना-मात्रा त्यानंतर. पेन्सिल त्याच्याही नंतर, आणि तोवर हात तयार झालेला असल्याने ती रडवत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे चार ते साडेपाचच्या दरम्यान होतं, काहींना अजून वेळ लागतो.

यजमानांना हेही सांगा की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून, कृतीतून शिकण्याचा आहे असं म्हटलंय. पहिलीचं वय सहा. म्हणजे त्याच्या हाताशी जवळजवळ तीन वर्षं आहेत. सव्वातीन वर्षांचा असताना गिरवलेल्या पानांचा सहाव्या वर्षी काही उपयोग राहत नाही. त्या पानांमुळे वहीची बसलेली धास्ती मात्र राहते.

ही पद्धत परदेशी आहे, श्रीमंतांची आहे, असं पालक म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. महाराष्ट्रात तिचा इतिहास अगदी उलटा आहे. सुरुवात शेजारच्या गुजरातेत झाली. तिथे भावनगरमध्ये गिजुभाई बधेका हे वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या आणि पुढे १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. दादरला शिशुविहार चालवून झाल्यावर ताराबाईंना प्रश्न पडला की शहरातल्या मध्यमवर्गापलीकडच्या मुलांचं काय? १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या आणि अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी उचलून त्यांच्याच अंगणात नेली. ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेच्या केंद्रांना आज देशभर हेच नाव आहे. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीचा उगम त्या अंगणात आहे.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. युरोपातून यावं लागणारं साहित्य परवडणारं नव्हतं. त्याच्या जागी आले खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या. चिंचोके मोजता येतात, पानं लहानापासून मोठ्यापर्यंत लावता येतात, खडबडीत आणि गुळगुळीत यांची ओळख झाडाच्या साली आणि नदीचे गोटे करून देतात. साहित्य बदललं, पण मुलाने स्वतः हाताळायचं, स्वतः चूक शोधायची हे बदललं नाही. मला विचाराल तर या पद्धतीचा कस तिथे लागला.

एका बाबतीत मी माँटेसरींच्या वाटेने जात नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना परीकथा, कल्पित गोष्टी नकोत असं त्यांचं मत होतं. आधी खरं जग नीट ओळखू द्यावं असं त्यांना वाटे. गिजुभाईंनी मात्र गोष्ट, गाणं, नाटक यांना बालमंदिरात मानाची जागा दिली. मी गिजुभाईंच्या बाजूची आहे. शेणाचं घर वाहून गेलेल्या काऊची गोष्ट ऐकताना मुलाला कावळा खरंच बोलत नाही हे ठाऊक असतं, आणि भाषा अशी पोटात जाते की ती कुठल्या तक्त्याने येत नाही.

तर शाळा कशी ओळखायची? 'माँटेसरी' हे नाव पाटीवर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे पाटी, फी, गणवेश, वातानुकूलित वर्ग यांवरून काहीही कळत नाही. अर्धा-पाऊण तास वर्गाच्या कोपऱ्यात बसू द्या अशी विनंती करा आणि तोंड बंद ठेवून बघा. साहित्य मुलाच्या हाताला येईल अशा उघड्या फळ्यांवर आहे की काचेच्या कपाटात पाहुण्यांना दाखवायला? सान लोरेन्झोतही सुरुवातीला कपाटाला कुलूप असे. एक दिवस बाईंना उशीर झाला, कपाट उघडं राहिलं होतं, आणि मुलांनी आपापलं काम घेऊन सुरुवातही केली. तेव्हापासून कपाटं बुटकी आणि उघडी झाली. सगळी मुलं एकाच वेळी एकच कागद रंगवत असतील, तर ती माँटेसरी नव्हे. तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकत्र असतील तर चांगली खूण समजा, कारण चारचं मूल तीनच्या मुलाला बटण लावून दाखवतं आणि दोघंही शिकतात. वेळापत्रक दर पंचवीस मिनिटांनी घंटा वाजवणारं असेल तर मुलं कामात बुडणार कधी? दोन-तीन तासांचा सलग वेळ हवा.

सर्वांत जास्त मला कळतं ते पाणी सांडल्यावर. बसल्या बसल्या कुणाच्या तरी हातून पाणी सांडेलच. ताई ओरडली, किंवा मावशीला हाक मारून पुसून घेतलं, तर उठून घरी या. मूल स्वतः जाऊन खुंटीवरचं फडकं आणून पुसू लागलं आणि ताई शांत राहिली, तर तिथे मुलगा घाला, मग ती शाळा साध्या पत्र्याखाली भरत असली तरी. मुतारी मुलांच्या उंचीची आहे का, तेवढंही पाहून घ्या. याबद्दल पालक विचारत नाहीत, आणि लहान मूल शाळेला नाही म्हणण्याचं हे अगदी नेहमीचं कारण असतं.

स्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते नव्हे, हे यजमानांना नीट समजावा, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. दुसऱ्याला मारायचं नाही, दुसऱ्याचं काम मोडायचं नाही, घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, एवढं पक्कं असतं आणि त्यात सूट नसते. मूल सतत भटकत असेल, तर ताई त्याचा हात धरून दोन कामं समोर ठेवते: 'वाटाणे चमच्याने काढतोस की मनोरा रचतोस?' निवड खरी असते, पण ती दोन ठरवलेल्या कामांतूनच.

आता घर, आणि सासूबाई. त्या नातवाला भरवतात त्यात माया आहे, ती तोडू नका. 'आई, तुम्ही त्याला बिघडवताय' हे वाक्य तर घरात उच्चारूच नका. माझा सल्ला असा की सकाळचं किंवा दुपारचं एक जेवण त्याचं त्याने जेवायचं आणि रात्रीचा दहीभाताचा घास आजीचा. फक्त भरवताना मोबाइल नको, एवढं प्रेमाने सांगा. 'गोष्ट सांगा, आजी' म्हणा. स्वतः जेवताना सांडेल, म्हणून खाली जुनं वर्तमानपत्र घाला. ताटात थोडंच वाढा, हवं तर पुन्हा मागू दे. जेवण झालं की ताट मोरीत त्याने नेऊन ठेवायचं. मुलगा आहे, त्याला कशाला स्वयंपाकघरात, असं कुणी म्हणालं तर शांतपणे पण ठाम राहा. स्वतःचं ताट उचलायला मुलग्यांनी शिकलंच पाहिजे आणि ते तीन वर्षांचा असताना फार सोपं जातं.

आजीलाच या कामात घ्या. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, शेंगा फोडणं, वाती वळणं, हे सगळं बोटांचं शिक्षण आहे आणि ते आजीइतकं कुणाला येत नाही. आजी शेजारी बसून मटाराची शेंग कशी दाबून उघडायची ते दाखवू लागली, की 'एवढंसं पोर, त्याला कामाला लावता' ही तक्रार हळूहळू मागे पडते.

दाखवायची एक रीत आहे, ती जपा. दाखवताना बोलू नका. मूल एक तर हात बघेल किंवा शब्द ऐकेल. पाणी ओतायला शिकवायचं असेल तर छोटा जग अर्धा भरा. जगची मूठ उजव्या हाताने धरा, डावा तळवा तोटीखाली, पेल्याच्या काठापाशी तोटी टेकेल असं आणा, हळू ओता, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा, मग जग सरळ करा. एकही शब्द नाही. मग जग त्याच्यापुढे सरकवा आणि हात मागे घ्या. सांडलं तर फडकं कुठे आहे ते आधीच दाखवून ठेवलेलं असावं. मी तर जाणीवपूर्वक एखादी कपबशीही वापरायला देते. फुटणारी वस्तू मूल जपून धरतं. प्लास्टिकचा पेला आपटला तरी चालतो हे त्यालाही कळतं.

नवीन शब्द द्यायचे असतील तर तीन पायऱ्या. 'ही खरखरीत, ही गुळगुळीत.' दुसऱ्या वेळी, 'गुळगुळीत कुठली? दाखव.' आणि हे नीट येऊ लागल्यावरच, 'ही कशी आहे?' दुसऱ्या पायरीवर चुकलं तर 'चूक' म्हणायचं नाही. हसून वस्तू ठेवून द्यायच्या आणि उद्या पहिल्यापासून. पालक घाईने थेट तिसऱ्या पायरीवर जातात आणि पाहुण्यांसमोर परीक्षा घेतात. ते टाळा.

घरात बदल थोडेच करावे लागतात. त्याच्या उंचीला एक खुंटी, एक खालची फळी, मोरीपाशी पाट. इलॅस्टिकची चड्डी आणि वेल्क्रोचे बूट, म्हणजे घालणं त्याच्या आवाक्यात येईल. सकाळी त्याला थोडं लवकर उठवा, कारण घाईत कुणीही मुलाला बूट घालू देत नाही. डावा बूट उजव्या पायात गेला तर दोन पावलं चालू द्या. पायाला टोचेल, तोच बदलेल.

महागडा संच घेऊ नका. माँटेसरी साहित्यातल्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक ते दहा सेंटिमीटरपर्यंत काटेकोर मापाने वाढत जातात. माप जरा चुकलं तर चूक मुलाला दिसत नाही आणि सगळी किमया जाते. स्वस्तातल्या नकलांत हेच होतं. वर्गात असं साहित्य ताई क्रमाने मांडते. घरी ते चार दिवसांत पलंगाखाली जातं. तुमच्याकडे डाळी आहेत, चमचे आहेत, वेगवेगळ्या झाकणांचे डबे आहेत, कुलूप-किल्ली आहे. तेवढ्यावर वर्ष निघेल.

शाळा बदलण्याबद्दल माझं मत असं. जवळच्या शाळेत जाऊन आधी बोला. गृहपाठ थांबवायला आणि मुलाला दिवसाचा मोठा वेळ हाताने काम करू द्यायला तिथल्या ताई तयार असतील, तर मार्चपर्यंत तिथेच राहू द्या. रोजचा लांबचा प्रवासही लहान मुलाला दमवतो. तयार नसतील, तर सहामाही संपायची वाट न पाहता लांबच्या शाळेत जाऊन तास-दीड तास बसा. आवडली तर पहिले काही दिवस अर्धा वेळच ठेवा आणि एकाच माणसाने पोहोचवा. दोन्ही जमणार नसेल, तर जवळची अंगणवाडी बघून या. ताई प्रेमळ आणि शांत असेल, तर सकाळी अंगणवाडी आणि दुपारी आजीबरोबर मटार, हा बेत तुमच्या आत्ताच्या शाळेपेक्षा चांगला आहे आणि मी तो निःशंक मनाने सुचवते.